जुन्या काऊबॉय पिक्चरमधला ‘हा कोण’ शोधायचा कसा

पहिलं काम, हिरोकडं बघायचं सोडा. त्याचं नाव पोस्टरवर आहे, त्याला कोण विसरत नाही. आपल्याला बघायचाय तो सलूनच्या, म्हणजे तिकडच्या दारूच्या गुत्त्याच्या, दाराशी भिंतीला टेकून उभा असलेला माणूस, जो पाच मिनिटांत हिरोच्या हातचा मार खाणार आणि पुढच्या पिक्चरात दुसरं नाव घेऊन परत मार खायला हजर असणार. १९३० ते १९५० च्या आसपास अमेरिकेत पन्नास-साठ मिनिटांचे असले स्वस्तातले घोड्यांचे पिक्चर शेकड्यानं निघाले, बी वेस्टर्न म्हणतात त्यांना, जेमतेम आठवड्यात शूटिंग उरकायचं आणि लगेच पुढचा धरायचा, आणि सगळ्यांत तीच ठरावीक माणसं फिरून फिरून दिसतात. सुरुवातीला पाटीवर सहा-सात नावं येतात, बाकीच्यांचा पत्ताच नाही. त्या बाकीच्यांची नावं काढायची कशी ते लिहितोय, कारण मला हे शिकायला तीन-चार वर्षं गेली, कुणी आधी सांगितलं असतं तर वर्षभरात झालं असतं.

मला हा नाद लागला तात्यांमुळं. तात्या म्हणजे माझे चुलते, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या तालमीत वाढलेले, आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत. तरुणपणी जयप्रभा स्टुडिओत ऐतिहासिक पिक्चरच्या गर्दीत उभे राहिलेत, सकाळी मावळा आणि जेवण झालं की पागोटं बदलून मुघल. स्वतःच स्वतःच्या मागं पळालोय म्हणतात. त्यामुळं मागच्या माणसाकडं बघायची त्यांना सवयच आहे. लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉपवर जॉन वेनचा एक जुना पिक्चर लावलेला, तात्या शेजारी बसलेले, मारामारी सुरू झाली आणि म्हणाले, “थांबव. मागं घे. हा पडणारा बघ की.”

मी म्हटलं, “तात्या, तो व्हिलनचा माणूस आहे हो.”

“अरं कुणाचा का असंना. हनुवटी छातीला लावलीया बघ, हात आधी टेकत नाही, खांद्यावर घेतोय. ह्याच्या अंगाला माती लागल्याली हाय.”

नाव शोधलं तर याकिमा कनट. हा खरा रोडिओचा चॅम्पियन, म्हणजे उधळलेल्या घोड्यावर टिकून बसायची, पळत्या बैलाला शिंगाला धरून पाडायची स्पर्धा असते त्यातला. तात्यांनी चेहरा धड बघितलाही नव्हता, नुसत्या पडण्यावरनं माणूस ओळखला. तेव्हापासून माझा पहिला नियम हाच आहे, आधी अंग बघायचं आणि चेहरा नंतर, कारण चेहऱ्यावर दाढी चिकटवता येते, मिशी काढता येते, पण पडायची, बसायची, घोड्यावर टांग टाकायची पद्धत कुणाला बदलता येत नाही.

कनटबद्दल थोडं जास्त सांगतो कारण हा माणूस कळला की अर्धं शास्त्र कळतं. १९३३ ते ३५ मध्ये लोन स्टार नावाखाली जॉन वेनचे सोळा पिक्चर निघाले, मोनोग्राम कंपनी ते बाजारात आणायची, आणि त्यातल्या बऱ्याच पिक्चरांत कनट व्हिलनच्या टोळीत आहे. पडद्यावर मार खातोय आणि त्याच पिक्चरात हिरोच्या जागी घोड्यावरनं उडीही तोच मारतोय, म्हणजे पाठलागाच्या सीनमध्ये कधीकधी पळणाराही तो आणि पकडणाराही तोच. पडद्यावरची मारामारी जशी आज दिसते ना, की ठोसा नाकासमोरनं जातो आणि समोरचा मान झटकतो आणि कॅमेरा खांद्यामागं असल्यानं आपल्याला लागल्यासारखा वाटतो, ती पद्धत वेन आणि कनटनं याच स्वस्त पिक्चरांत बसवली. आधी लोक खांद्याबिंद्यावर खरंच हात टाकायचे आणि ते लुटुपुटूचं दिसायचं. पुढं १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या घोड्यांच्या मधे खाली पडून अख्खी गाडी अंगावरनं जाऊ देणारा हाच, १९५९ च्या ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत उभी करणारा हाच, आणि १९६७ साली त्याला मानाचं ऑस्कर मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला आपण ‘टोळीतला तिसरा’ म्हणून सोडून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सुरुवात कुठनं करायची. ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ लावा, १९३३ चा, लोन स्टारचा पहिला. यूट्यूबवर आहे, इंटरनेट आर्काइव्हवर आहे, आणि यातले बरेच पिक्चर कॉपीराइट संपलेले आहेत कारण त्या काळी अमेरिकेत अठ्ठावीस वर्षांनी हक्क परत नोंदवावा लागायचा, तो कुणी नोंदवलाच नाही, त्यामुळं बघायला पैसे पडत नाहीत. फक्त रंगवलेली कॉपी घेऊ नका, रंगात मिशीची, गालाच्या खड्ड्याची सावली पुसली जाते. आणि काही कॉप्यांना मागाहून सिंथेसायझरचं म्युझिक चिकटवलंय, तीही नको, आवाज ऐकायचे असतात आपल्याला.

गोष्ट सोपी आहे. खोऱ्यातलं पाणी एका माणसाच्या ताब्यात आहे आणि तो शेतकऱ्यांना तहानेनं मारून जमिनी लाटायला बघतोय. ऊसपट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पण मी हा पिक्चर गोष्टीसाठी सांगत नाहीये, यात एकाच ठिकाणी जेवढे ओळखीचे चेहरे भेटतात तेवढे सुरुवातीच्या दुसऱ्या पिक्चरात क्वचित भेटतील. पाणी दाबून बसलेला तो फॉरेस्ट टेलर. पोरीचा बाप जॉर्ज हेज. शेरीफ, म्हणजे तिथला फौजदार, तो लेफ मॅकी, पांढऱ्या केसांचा, हा माणूस पुढं तुम्हाला इतक्या पिक्चरांत पोरीचा म्हातारा बाप म्हणून भेटेल की घरातला वाटायला लागेल. भाड्यानं आणलेला बंदूकवाला तो अर्ल ड्वायर, हाडकुळा, लांबोडक्या तोंडाचा. बर्ट नावाचं काम केलेला तो अल सेंट जॉन. आणि टोळीत कनट आहेच. पहिल्यांदा सरळ बघा. दुसऱ्यांदा फक्त हेजला बघा, तिसऱ्यांदा फक्त ड्वायरला. असं एकेकाला धरून बघितलं की माणूस डोक्यात बसतो, सगळ्यांना एकदम बघायला गेलात तर कुणीच बसत नाही. पिक्चर पाऊण-एक तासाचाच आहे, तीनदा बघणं होतं.

मग चौकट समजून घ्या. या पिक्चरांत व्हिलन दोन प्रकारचे असतात. एक सुटाबुटातला, गावात इज्जत असलेला, बँकवाला नाहीतर जमीनदार, हात कधी मळवून घेत नाही, त्याला ब्रेन हेवी म्हणायचे, म्हणजे डोकं चालवणारा. दुसरा त्याचा हस्तक, दाढी वाढलेला, धुळीनं भरलेला, त्याला डॉग हेवी म्हणायचे, का तर हा वाईट आहे हे प्रेक्षकाला पटकन कळावं म्हणून येताजाता कुत्र्यालासुद्धा लाथ घालेल असला माणूस. आपल्या तमाशापटात पाटील आणि पाटलाच्या वाड्यावरचे दोन दांडगे असायचे की नाही, तसंच गणित. फायदा असा की एकदा का अमुक माणूस कुठल्या खान्यात बसतो ते कळलं की पुढच्या पिक्चरात त्याला कुठं शोधायचं ते कळतं. सुटाबुटातला सहसा घोड्यावर कमी आणि टेबलामागं जास्त दिसणार. हस्तक सलूनमध्ये आणि डोंगरावर दगडामागं.

डॉग हेवींचा राजा म्हणजे चार्ल्स किंग. टेक्ससचा, १८९५ चा जन्म, अंगानं जाड, काळी मिशी, हॅट मागं सरकवलेली. मोनोग्राम, पीआरसी, रिपब्लिक, कुठल्याही छोट्या कंपनीचा पिक्चर लावा, हा असण्याची शक्यता मोठी. त्याला ओळखायचं कसं तर मारामारीच्या आधी बघा. हिरो समोर आला की हा आधी हसतो. मग खांदे वर घेतो, पोट आत घेतो, आणि तेवढ्या जाड अंगानं असा झेपावतो की टेबलं-खुर्च्या सगळं घेऊन जातो. एका सीनला मी आणि तात्यांनी सात-आठ वेळा मागं घेतलं असेल. हिरोचा ठोसा निघायच्या आधी किंगचा मागचा पाय सरकलेला असतो, कुठल्या बाजूला कोसळायचं ते त्यानं आधीच ठरवलेलंय, आणि पडताना हिरोला जागा करून देतोय म्हणजे हिरोचा पाय अडकू नये. तात्या म्हणाले, “ही मारामारी हाच खेळवतोय, तो पोरगा नुसता हात हलवतोय.” खासबागेच्या कुस्ती मैदानात नवख्या पोराला जुना पैलवान खेळवतो तसं. किंग १९५७ ला गेला. जन्मभर हरला, पण त्याच्याइतकं चांगलं हरणारा मला तरी दुसरा दिसलेला नाही.

आता हेजचं सांगतो, कारण इथं माझी मोठी चूक झालेली आणि नवीन माणसाची हमखास होते. मी वर्षभर वहीत दोन वेगळी माणसं लिहीत होतो. एक ‘जॉर्ज हेज’, लोन स्टारच्या पिक्चरातला, कधी बाप, कधी शेरीफ, कधी चक्क व्हिलन. दुसरा ‘गॅबी’, गाणारा काऊबॉय हिरो रॉय रॉजर्स, त्याच्याबरोबरचा तो दाढीवाला, बोळक्या तोंडाचा, कुरकुरणारा म्हातारा. माणूस एकच! १९३४ च्या ‘रँडी राइड्स अलोन’मध्ये तो मुका बनून पाठीला पोक काढून कागदावर लिहून बोलतो आणि खरा टोळीप्रमुखही तोच असतो, आणि हाच पुढं पोरांचा लाडका आजोबा झाला हे मला पटेचना. पक्कं कसं केलं तर डोळे झाकून. खरंच, पॉज करून चेहरा बघितला तर दाढी फसवते, म्हणून मी दोन पिक्चरचे तुकडे हेडफोन लावून पाठोपाठ ऐकले. वाक्य संपवताना आवाज वर नेऊन तोडायची जी ढब आहे ती दोन्हीकडं तीच. तेव्हा दुसरा नियम, अंगावरनं कळलं नाही तर आवाज.

गॅबी नावाचीही गंमत आहे. आधी तो हॉपलाँग कॅसिडी या काऊबॉयच्या पिक्चरांच्या मालिकेत विंडी नावानं होता, १९३९ च्या सुमारास तिथनं बाहेर पडला, पण विंडी हे नाव जुन्या कंपनीच्या मालकीचं, म्हणून रिपब्लिकमध्ये तोच म्हातारा गॅबी झाला. जन्म १८८५ चा, न्यूयॉर्क राज्यातला, मूळचा नाटकातला माणूस, १९२९ च्या शेअर बाजारात पैसे बुडाले म्हणून परत कामाला लागला, आणि घोड्यावर बसायलाच चाळिशी उलटल्यावर शिकला. प्रत्यक्षात टापटीप कपडे घालणारा, नीट बोलणारा गृहस्थ. आपल्याकडं गणपत पाटलांचं तेच झालं की नाही, कोल्हापूरचेच, पडद्यावरच्या नाच्याच्या कामात माणूस एवढा बसला की लोकांनी खऱ्या आयुष्यात पण तेच समजून घेतलं. म्हणून मी वहीत प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ तो माणूस म्हणून कोण होता याची लिहितोच, नुसतं कामाचं नाव लिहून ठेवत नाही.

अल सेंट जॉनचंही असंच आहे. मूकपटातल्या फॅटी आर्बकलचा भाचा, सायकलवर कसरती करणारा. ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’त तो अजून त्याचा प्रसिद्ध ‘फझी’ झालेला नाही, पुढं दाढी आली, हॅटची कड पुढनं वर गेली आणि फझी नावानं पीआरसीच्या ढीगभर पिक्चरात दिसला. त्याला ओळखायचा तर पायरी, पिंप, कुंपण असलं काही जवळ आलं की बघा, साधं चालत जाणार नाही, काहीतरी घसरणार, लोंबकळणार. कसरतीचं अंग लपत नाही.

घोडागाडी हाकणाऱ्याकडं तर कुणीच बघत नाही. बड ऑस्बोर्न नावाचा एक दणकट माणूस आहे, किती पिक्चरांत नुसता गाडी हाकतो. त्याचे हात बघा. चार-सहा घोड्यांचे लगाम बोटाबोटांच्या मधनं वेगळे घेतलेले असतात आणि वळणावर तो सगळा हात ओढत नाही, एखादंच बोट आवळतो. आपल्याकडं शर्यतीला कासरा धरणारा बघितलाय त्याला हे लगेच कळेल. नटानं धरलेला लगाम आणि हाकणाऱ्यानं धरलेला लगाम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, नट दोन्ही मुठी छातीशी घेऊन बसतो.

कपड्यांवरनं ओळखायला जाऊ नका हे वेगळं सांगायला हवं. कपडे कंपनीचे असायचे. हॅट मात्र थोडी मदत करते, कारण बरेच जण आपली हॅट आपण आणायचे. हॉलिवूडमध्ये सनसेट आणि गॉवर रस्त्याच्या कोपऱ्याला गॉवर गल्च म्हणायचे, छोट्या कंपन्या त्या भागात, आणि काम मागायला खरे गुराखी सकाळी पूर्ण पोशाखात तिथं येऊन उभे राहायचे. कुणी हाक मारली की गेले. त्यामुळं एकाच माणसाच्या डोक्यावर पाच पिक्चरांत तीच चेपलेली हॅट दिसते. ही खूण धरा पण एकट्या हॅटवर नाव ठरवू नका.

एक फसवणूक पक्की लक्षात ठेवा. लांबनं घेतलेल्या घोडदौडीत दिसणारा माणूस त्या पिक्चरातला असेलच असं नाही. १९३२-३३ मध्ये वॉर्नरनं जॉन वेनचे सहा पिक्चर काढले, त्यात केन मेनार्डच्या जुन्या मूकपटातले पळापळीचे तुकडे सरळ जोडलेत, वेनला कपडे आणि घोडा त्याच्याशी जुळेल असा दिला. म्हणजे जवळनं वेन आणि लांबनं मेनार्ड. तेव्हा लांबच्या सीनवरनं वहीत काही लिहायचं नाही. जागाही मग ओळखीच्या व्हायला लागतात, चॅट्सवर्थचं आयव्हरसन रँच, तिथले मोठमोठे गोलसर दगड एकदा डोळ्यांत बसले की पुढच्या पिक्चरात दगड आधी ओळखू येतो आणि मग दगडामागं कोण असणार तेही.

वही कशी करायची. मोबाईलमध्ये नको, शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक माणूस. वर नाव, नसेल तर नंबर. खाली चालणं, पडणं, आवाज, कान. कान हे मी विसरलोच सांगायला, कान फार कामाचे, वय वाढलं तरी कानाची ठेवण तीच राहते आणि हॅटमुळं नेमके कानच उठून दिसतात. मग पिक्चरचं नाव, साल, आणि मिनिट-सेकंद. मिनिट-सेकंद लिहायला कंटाळू नका, नाहीतर तो क्षण परत सापडत नाही. इंटरनेटवरच्या नटांच्या याद्या बघायच्या, पण शेवटी. आधी बघितल्या तर जो नाही तो दिसायला लागतो. आणि याद्यांत चुका असतात, म्हणून एकाच पिक्चरवर नाव पक्कं करायचं नाही, तीन पिक्चरांत तोच माणूस तेच अंग घेऊन दिसला की पेन, तोवर पेन्सिल.

थोडे सरावलात की रिपब्लिकचे १९४० नंतरचे बघा, तिथं रॉय बारक्रॉफ्ट भेटेल, भारदस्त आवाजाचा, १९४३ पासून कंपनीचा करारावरचा व्हिलन. ग्लेन स्ट्रेंज भेटेल, धिप्पाड, कितीतरी पिक्चरांत टोळीतला गुंड, १९४४ मध्ये फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस झाला, आणि पुढं टीव्हीवर ‘गनस्मोक’मध्ये बारवाला सॅम. त्याला टीव्हीवर शांतपणे ग्लास पुसताना बघितलं आणि मला तो तीस सालातला दगडामागचा गोळ्या झाडणारा आठवला, फार बरं वाटलं, की बसून खायचं काम मिळालं म्हाताऱ्याला. उलटंही होतं. आपले मास्टर विठ्ठल, इथल्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतनं वर आलेले, १९३१ च्या ‘आलम आरा’चे हिरो, ते नंतरच्या मराठी पिक्चरांत छोट्या कामांत दिसतात. तात्यांनी मला एकदा बोट ठेवून दाखवलं, मी हिरोईनकडं बघत होतो.

नवीन कुणी माझ्याकडं शिकायला आलं तर मी आधी आपलाच एखादा जुना कृष्णधवल पिक्चर लावतो, जयप्रभात झालेला, आणि सांगतो गर्दीतला एक निवड आणि तो पुन्हा कुठं दिसतो ते सांग. हात बसतो. मग घोड्यांकडं.

वहीचं शेवटचं पान नाव न सापडलेल्यांसाठी ठेवा. माझ्या पानावर सध्या चौदा जण आहेत. त्यातला सहा नंबर हा किंगच्या मागं सलूनमध्ये उभा असतो, डावा कान थोडा बाहेर आलेला, घोड्यावरनं उतरताना जमिनीला पाय लागायच्या आत लगाम दुसऱ्या हातात घेतो. चार पिक्चरांत सापडलाय, एकातही त्याला एक वाक्य नाही. तात्या म्हणतात हा गुराखीच, नट नव्हे, उतरल्यावर आधी घोड्याच्या मानेवर हात फिरवतो आणि मगच पिस्तुलाकडं नेतो. पाचव्या पिक्चरात दिसला तर बोलतोय का बघायचं, म्हणून काल रात्री पुन्हा एक लावलाय, अर्धा झालाय, बाकीचा आज जेवणानंतर.